तात्पुरत्या घरांचे वाटप आणि शेजार

आपत्तीनंतरच्या तात्पुरत्या निवाऱ्याचे यश घरे किती वेगाने उभी राहिली यावरून ठरवावे, हा मुद्दा मला अपुरा वाटतो. जपानमध्ये कोबे परिसरात १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर सुमारे ४८ हजार तात्पुरती घरे काही महिन्यांतच बांधली गेली. परंतु वृद्ध आणि अपंगांना अग्रक्रम देऊन वाटप मुख्यतः सोडतीने झाल्यामुळे, हेतू चांगला असूनही, शेजारपाजार पांगला, दूरच्या वसाहतींत एकाकी म्हातारी माणसे एकत्र आली आणि कित्येकांचा मृत्यू घरात कोणालाही न कळता झाला. दोन वर्षांसाठी मानलेल्या त्या घरांतून शेवटचे रहिवासी बाहेर पडायला जवळजवळ पाच वर्षे लागली.

२००४ मध्ये निइगाता प्रांतातील भूकंपानंतर यामाकोशी हे डोंगरी गाव पूर्ण रिकामे करावे लागले, तेव्हा मात्र नागाओका शहरातील तात्पुरती घरे वाडीनिहाय वाटली गेली. विस्थापनाचा काळ तिथेही काही वर्षांचा होता, तरी ओळखीची माणसे दाराशी होती आणि परतीचे निर्णय लोकांना एकत्र बसून घेता आले. म्हणून आपत्ती येण्याआधीच, वाटपाच्या नियमांत कुटुंबाबरोबर वाडीचीही नोंद असावी, असा माझा आग्रह आहे.