मदत हवी आहे: बाबांची जुनी सागवानी लाँच – फळ्या बदलू की फायबर मारू?

नमस्कार मंडळी,

विजयदुर्गहून वाघोटण खाडीने आत आलं की आमचं गाव. गावाच्या काठावर आमची जुनी लाँच उभी आहे. लांबी ३४ फूट, रुंदी साडेनऊ, सव्वा इंची सागाच्या फळ्या, आतले वाक (फळ्यांना आतून धरणाऱ्या लाकडी बरगड्या) ऐन आणि बाभळीचे, वर छोटी केबिन. आजोबांनी १९७८ साली बांधून घेतली. रस्ते धड नव्हते तेव्हा माणसं, आंब्याच्या पेट्या, आजारी म्हातारी, लग्नाची वऱ्हाडं, सगळं तिच्यातून गेलं. पुढे पूल झाले, दारात एसटी आली, उतारू संपले. शेवटची ९ वर्षं ती काठावरच उभी आहे. बाबा तिचे सारंग, म्हणजे चालवणारे, होते. आता ते ७६ वर्षांचे आहेत आणि अजून रोज संध्याकाळी काठावर जाऊन तिच्याकडे बघून येतात.

मला ती पुन्हा चालती करायची आहे. धंद्यासाठी नाही, घरच्या माणसांना घेऊन खाडीत फिरण्यापुरती. हातात ३ लाख १० हजार रुपये आहेत. त्यावर कर्ज काढणार नाही. मी कोल्हापूरला नोकरी करते, शनिवार-रविवार आणि मे महिन्याची सुट्टी एवढाच वेळ. सध्या फेब्रुवारी चालू आहे, पावसाच्या आत लाकडाचं काम उरकायला हवं.

गेल्या दोन महिन्यांत मी तिला इंच इंच तपासलं. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि फळ्यांवर खडूने खुणा. जे दिसलं ते असं.

मागचा अर्धा भाग वर्षानुवर्षं उधाणाच्या पाण्यात भिजत होता. तिथे पाण्याच्या रेषेखालची तिसरी फळी बाहेरून अगदी धड दिसत होती, वर टाचणीच्या टोकाएवढी पाच-सहा भोकं, बस्स. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. फळीचा तुकडा काढला तेव्हा आत करंगळी जाईल एवढ्या नळ्या निघाल्या, आतून पांढऱ्या चुन्याचं अस्तर असलेल्या. बाबा म्हणाले, हाच तो किडा. (पुढे वाचलं की तो किडा नाहीच, शिंपल्यांच्या जातीचा जीव आहे. पिल्लू असताना बारीक भोकातून शिरतो आणि आतच वाढतो, म्हणून बाहेर काही दिसत नाही.) अशा १४ फळ्या मी मोजल्या.

पुढचा भाग, नाळेकडचा, कोरड्यावर होता. तिथे कीड नाही, पण उन्हाने फळ्या आकसून फटींतून पलीकडचा उजेड दिसतो.

आणि सगळ्यात वाईट अवस्था केबिनच्या खाली आहे. छपराचं पाणी नऊ पावसाळे डेकवरून आत झिरपलं. डेकखालच्या दोन आडव्या तुळया हाताने चुरगळतात. इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात भिजलेलं पठाण (तळाचा मुख्य लांब वासा) दगडासारखं, आणि पावसाचं गोडं पाणी लागलेली तुळई भुसा! हे बघून मला फार आश्चर्य वाटलं.

खिळे लोखंडी आहेत, जस्त चढवलेले. बरेच गंजलेत आणि भोवतीचं लाकूड काळं पडलंय. केबिनचे पितळी स्क्रू काढताना तुटतात, तुटलेली बाजू गुलाबी दिसते.

इंजिन ट्रकचं, सहा सिलिंडरचं, मरीन करून बसवलेलं. जाम आहे.

आता खरा प्रश्न. एका फायबरवाल्याने येऊन बघितलं. तो म्हणतो फळ्यांना हात लावू नका, बाहेरून सगळीकडे फायबर (काचतंतूंचं कापड आणि रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव) चढवतो, १ लाख ९० हजार, पंधरा दिवसांत काम, दहा वर्षं बघायला नको. दुसरीकडे शेजारच्या गावचे एक वयस्कर सुतार आहेत. ते म्हणतात १४ फळ्या आणि तुळया बदलायच्या, ४५ दिवसांचं काम. त्यांची आणि मदतनिसाची मजुरी धरून ९९ हजार, सागाचे ७७ हजार, खिळे-कापूस-रंग यांचे ३५ हजार. म्हणजे २ लाख ११ हजार.

आकडे जवळपास सारखेच आहेत. फायबर लवकर होतं, आणि इकडे ज्याला विचारावं तो तेच सांगतो. बाबांचं एकच म्हणणं, "लाकडाक वारो लागाक व्हयो." मला त्यांचं मन राखायचं आहेच, पण फक्त मन राखण्यासाठी चुकीचा निर्णय घ्यायचा नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद – होडीवाला सुतार

ताई, तुमचे बाबा बरोबर बोलतात. आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फायबर वाईट नाही. नव्या, सुक्या लाकडावर किंवा प्लायवर ते उत्तम बसतं. तुमची लाँच खिळ्यांनी जोडलेल्या जाड फळ्यांची आहे. ही फळी पाण्यात फुगते, सुकली की आकसते, हंगामभर हलत राहते. वरचं फायबर हलत नाही. दुसरं म्हणजे, ४७ वर्षांत त्या लाकडाने माशाचं तेल, डिझेल, खारं पाणी सगळं प्यायलंय. रेझिन धरायला लाकूड आतपर्यंत सुकं लागतं, १५ टक्क्यांच्या आत ओल. नाहीतर दोन-तीन वर्षांत कुठेतरी फुगा येतो, त्यातून पाणी आत जातं आणि बाहेर पडत नाही. मग कुजणं आत चालू आणि बाहेरून चकचकीत. आमच्याकडे अशी एक होडी आली होती. फायबर सोलून काढलं तेव्हा फळी त्याच्याबरोबर हातात आली. शिवाय तुमचे खिळे गेलेले आहेत. फायबरने खिळे नवे होत नाहीत.

फायबरची हौस असेल तर केबिनचं छप्पर आणि डेक करा, आणि तिथे इपॉक्सी (जास्त घट्ट धरणारं रेझिन) वापरा. तिची खरी दुश्मनी पावसाच्या पाण्याशी आहे हे तुम्ही स्वतःच ओळखलंत. छप्पर बंद झालं की निम्मं दुखणं थांबलं.

पण फळीला हात लावायच्या आधी दोन कामं करा. पहिलं, आजच तिच्यावर सावली करा. नौका शाकारतात तशा झावळ्या घाला, बाजू मोकळ्या ठेवा. उन्हात अजून महिनाभर राहिली तर पुढच्या चांगल्या फळ्याही चिरतील. दुसरं, पठाणाखाली पुढून मागेपर्यंत दोरी ताणून बांधा आणि मध्ये किती फरक पडतो तो मोजा. जुनी होडी वर्षानुवर्षं चुकीच्या टेक्यांवर बसली की पुढचं-मागचं टोक खाली उतरतं. वाकलेल्या होडीत नवी फळी बसवली तर ते वाकणं कायमचं होतं.

फळ्या एकदम काढू नका, हे सुतारांनाही सांगा. एक डावीकडची काढली, बसवली, मग उजवीकडची. सगळ्या उघडल्या तर आकार सुटतो. वाक मोजा. तीनात एक वाक गेलेला असेल तर थांबा आणि पुन्हा लिहा, मग हिशोब वेगळा होतो. सांधा तिरका ठेवा, जाडीच्या किमान आठपट लांब. शेजारच्या दोन फळ्यांचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका.

फटीत कापूस भरताना हात हलका. सुक्या फळीत ठोकून ठोकून भरला तर पाण्यात गेल्यावर फळी फुगते, तिला जागा उरत नाही आणि ती आतले वाक फोडते. नव्या माणसाकडून हीच चूक सर्वात जास्त होते. पाण्यात सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस ती गळणारच. घाबरू नका, पंप लावून ठेवा, फळी फुगली की बंद होते.

जुना रंग खरवडताना नाकाला मास्क आणि रंग ओला करून खरवडा. त्या काळच्या रंगात शेंदूर म्हणजे शिसं असतं. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

प्रतिसाद – डिझेल मिस्त्री

इंजिनाबद्दल थोडक्यात. स्टार्टर अजिबात मारू नका. इंजेक्टर काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओता, आठ दिवस सोडा. मग फ्लायव्हीलला पहार लावून हाताने पुढे-मागे, अगदी थोडं थोडं. सुटलं तर कंप्रेशन बघून मग पुढचा खर्च ठरवा. नाही सुटलं तर जुनं पण चालू इंजिन बघा, उघडून दुरुस्त करत बसण्यात पैसे जातात. आणि शाफ्ट काढाच. ग्लँडची (शाफ्ट होडीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडाची) दोरी नवी टाका. चालताना तिथून मिनिटाला दोन-चार थेंब पडायला हवेत, पार कोरडी आवळली तर शाफ्ट खाते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ह्या शनिवारी शाकारून घेतली, गावातली सात माणसं न बोलावता आली. वाक मोजले, ३१ पैकी ६ गेलेत. आणि दोरी बांधली. पठाण मध्ये दीड इंच वर आहे, म्हणजे दोन्ही टोकं उतरलीत. सुतारकाका म्हणतात टोकांखाली जॅक लावून आठवड्याला दोन सूत (पाव इंच) उचलू, घाई केली तर काहीतरी तडकेल. हिशोबाने सहा आठवडे जातील, म्हणजे फळ्यांचं काम एप्रिलमध्ये सुरू. उचलणं चालू असताना डेकच्या तुळया काढून ठेवल्या तर चालेल का, की त्यांच्यामुळेच वरचा आकार धरून राहिलाय? बाबा म्हणतात काढू नको. सुतारकाकांच्या मते दोन गेलेल्या काढल्या तर फरक पडणार नाही.

आणखी एक. वाकासाठी नैसर्गिक बाक असलेली बाभूळ लागेल, सहा नग, साधारण चार फुटी. देवगड, राजापूर किंवा घाटावर गगनबावड्यापर्यंत कुणाच्या बांधावर तोडायला परवानगी असलेलं झाड असेल तर कळवा, मी स्वतः टेम्पो घेऊन येईन.