मदत हवी आहे: धष्टपुष्ट कोंबड्या एकाएकी मरतायत, कोंबडा मात्र एकही नाही

कपाशीवाला:
पंधरा दिवसांत सात कोंबड्या गेल्या. आजारी दिसत नाहीत. आदल्या दिवशी अंडं दिलेलं, सकाळी पाहावं तर आडवी, तुरा पांढराफटक. काल एक फाडली. पोटात चरबीचा लगदा, कलेजी हळदीच्या रंगाची, बोटाने दाबली तर चुरली, शेजारी रक्ताची काळी गाठ. तेच दाणापाणी खाणारे 11 कोंबडे मजेत आहेत. हार्मोनमुळे होतं म्हणे. ते बंद करायचं औषध कोणतं? लवकर सांगा, रोज नुकसान होतंय.

सातपुडा_पायथा:
जात कोणती, वय काय, एकूण किती, खायला काय, पिंजरा की मोकळ्या? काहीच न लिहिता औषध मागताय.

नवापूरवासी:
2006 विसरलात का? आमच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा खड्डे खणून कोंबड्या पुरल्या होत्या. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि उघड्या हाताने फाडाफाडी करू नका!

कपाशीवाला:
बर्ड फ्लू नाही हो, बाकीच्या खणखणीत आहेत. पारोळा तालुका. 160 लेअर (अंड्यांसाठीच्या कोंबड्या), वर्षभराच्या. पिंजऱ्यात.

गिरणाकाठ:
भाऊ, मका बंद कर नि बाजरी दे. मनी आजी कोंबडीस्ले बाजरीच टाके, एक बी मरनी नही.

सातपुडा_पायथा:
मका देतात हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांनी अजून लिहिलेलंच नाही.

खवय्या_जळगाव:
हे सगळं हार्मोनच्या इंजेक्शनांमुळे. म्हणून मी ब्रॉयलर खातच नाही.

जुना_लेअरवाला:
इंजेक्शनचा इथे काय संबंध? अमेरिकेत कोंबड्यांच्या मानेत कातडीखाली इस्ट्रोजेनसारख्या (म्हणजे मादीच्या हार्मोनसारख्या) रसायनाची गोळी बसवत, अंगावर चरबी चढावी म्हणून. ते 1959 मध्ये थांबलं. आजचा ब्रॉयलर निवड-पैदास आणि खाद्यावर वाढतो.

कपाशीवाला, तुमच्या कोंबड्यांचं इस्ट्रोजेन त्यांचं स्वतःचं आहे. पक्ष्यांत चरबी मुख्यतः यकृतात तयार होते. कोंबडी अंड्यावर आली की इस्ट्रोजेन यकृताला कामाला लावतं: चरबी बनव, रक्तातून बीजांडाकडे पाठव, बलक भर. एका अंड्यात 5-6 ग्रॅम चरबी जाते, म्हणून लेअरची कलेजी थोडी पिवळसर असतेच. पण बनते जास्त आणि बाहेर जाते कमी असं झालं, की यकृत फुगतं, ठिसूळ होतं आणि अंडं देताना जोर लावला तरी फाटतं. आत रक्त, बाहेर पांढरा तुरा. नरांना बलक भरायचा नसतो, म्हणून तुमचे कोंबडे वाचले. हार्मोन बंद केलं तर अंडीही बंद.

खवय्या_जळगाव:
मग खच्ची केलेला कोंबडा लुसलुशीत कसा लागतो? काळ्या मसाल्यात तर विचारू नका.

जुना_लेअरवाला:
तो वेगळा मुद्दा. टेस्टोस्टेरोन (नराचं हार्मोन) गेलं की पोटात चरबी साठते. रस्सा दुसऱ्या धाग्यावर. खाद्य काय देताय ते सांगा.

कपाशीवाला:
लेअर मॅशच (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार भरड खाद्य) देतो. फक्त घरचा मका पडून होता, भाव मिळेना, म्हणून एप्रिलपासून भरडून वरून टाकतोय. हवा तेवढा.

सातपुडा_पायथा:
"फक्त"!

जुना_लेअरवाला:
हीच तर गोची. मॅशमध्ये आधीच अर्ध्याहून जास्त मका असतो. वरून भरपूर मका, पिंजऱ्यात हालचाल नाही, त्यात आपला उन्हाळा. ऊर्जा जास्त, प्रथिनं कमी. चरबी बाहेर न्यायला मेथिओनीन आणि कोलीन ही खाद्यातली पोषकद्रव्यं लागतात, ती कमी पडतात. मका आठवडाभरात हळूहळू काढा, एका कोंबडीला रोज 110 ग्रॅमच्या आसपास मॅश मोजून द्या. दहा-बारा कोंबड्यांचं वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. कोलीन क्लोराईड आणि ई जीवनसत्त्व डॉक्टरला विचारून. पुढची मेली तर ताजी असतानाच शवविच्छेदनाला न्या. पिवळी कलेजी दिसली म्हणून बाकी सगळं नाकारू नका.

गिरणाकाठ:
मी तेच सांगे, मका बंद कर.

कापूसकोंडा:
मका काढून सरकी पेंड टाका, आपल्याकडे स्वस्त आहे.

जुना_लेअरवाला:
लेअरला नको. सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्याने अंडी ठेवली की बलक हिरवट-तपकिरी पडतो, गिऱ्हाईक परत करतं.

कडकनाथप्रेमी:
धागा चांगला आहे. धुळ्यात कडकनाथची पिल्लं कुठे मिळतील?

कपाशीवाला:
तीन दिवसांत मका निम्मा केला. कोंबड्या रिकाम्या पन्हळीवर चोची आपटतायत, घरची म्हणते उपाशी मारतोस का. वजनकाटा शेजाऱ्याकडे आहे, उद्या आणतो. आज पहाटे आणखी एक गेली, फाडली नाही. बर्फाच्या डब्यात घालून दवाखान्याच्या दारात बसलोय, दहाला उघडतं.