फुटबॉल सामन्याच्या फोटोंवर मत द्यायचं ते स्पष्ट, की सांभाळून? (तिघांची चर्चा, टोपणनावांनी)

मांडवीकाठ
गावच्या मैदानावरचा सामना असो की म्हापशाच्या दुलेर स्टेडियमवरचा, फोटोंखाली 'मस्त', 'झकास' एवढंच येतं. यातून कोणी शिकत नाही. मत मागणाऱ्याने शटर (किती वेळ उघडं होतं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं होतं), आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवला) आणि मैदानातली जागा लिहावी. मत देणाऱ्याने चूक, तिचं कारण आणि उपाय सांगावा, तोही सगळ्यांसमोर.

'शार्प नाही' हे मत अपुरं आहे. गवत स्पष्ट आणि धावणारे पाय पुसट, तर शटरचा वेग कमी पडला. ताशी ७२ किलोमीटरने जाणारा चेंडू १/५०० सेकंदात ४ सेंटिमीटर सरकतो, १/२००० मध्ये १. खेळाडू पुसट पण मागचा माड रेखीव, तर फोकस मागे गेला. सगळंच एका दिशेला ओढलेलं, तर कॅमेरा हलला. तीन दुखणी, तीन औषधं.

जुवारी
कारण सांगावं हे मान्य, पण चारचौघांत दहा चुका मोजल्या की नवखा पुन्हा फोटो दाखवत नाही. आधी त्याच्या हातात काय आहे ते बघा. ५५-२५० मिमीची झूम लेन्स २५० ला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितकं भोक मोठं), एफ २.८ लेन्सच्या मानाने प्रकाश चौथा हिस्सा. सूर्य माडांआड गेल्यावर १/१००० हवं तर आयएसओ ६४०० लागतो, आणि दाणे दिसणारच. त्यावर 'नॉइज फार' म्हणणं म्हणजे त्याच्या खिशावर बोट ठेवणं. दाणे चालतात, पुसट चेहरा चालत नाही, एवढं सांगा. बाकीचं खाजगीत, एका वेळी एक.

मांडवीकाठ
जुवारीबाब, लेन्स बदलता येत नाही, जागा येते, आणि तिला पैसे पडत नाहीत. मध्यरेषेजवळ उभं राहून काढलं की खेळाडू आडवे पळताना दिसतात आणि मागे स्कूटरींची रांग. गोलरेषेमागे, कॉर्नरच्या झेंड्याजवळ खाली बसा: चढाई अंगावर येते, चेहरे मिळतात, उडी उंच दिसते. हे सांगायला आडपडदा कशाला?

शापोरा
मला खटकतो तो साचा. 'चेंडू नाही, फोटो बाद.' हेडरच्या फोटोत चेंडू हवाच, नाहीतर माणूस मान वाकडी करून का उभा आहे ते कळत नाही. पण पेनल्टी हुकलेल्याच्या चेहऱ्याला चेंडूची गरज काय?

'क्रॉप कर', म्हणजे कडा काप, हेही मोघम. २४ मेगापिक्सेलच्या ६०००×४००० फोटोची रुंदी आणि उंची निम्मी केली तरी ३०००×२००० उरतो, म्हणजे ६ मेगापिक्सेल. १० इंच रुंद छापायला पुरे. कापायचं तर मांडीवर कापा, घोट्यावर नको. आणि जांभ्याच्या लाल मातीने फ्रेम भरली की ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं) रंग निळसर ओढतो, चेहरे फिके पडतात. दिवसा 'डेलाइट'वर ठेवा.

जुवारी
साच्याबद्दल सहमत. चुकीचं निदान तर त्याहून वाईट. रात्रीच्या सामन्यात लागोपाठच्या दहा फोटोंत दोन-तीन काळपट किंवा पिवळट आले की लगेच 'एक्सपोजर (फोटोत घेतलेला प्रकाश) चुकलं' म्हणतात. मैदानावरचे मेटल हॅलाइडचे दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आणि १/१००० चं शटर त्यातला एक तुकडाच पकडतं. चूक फोटोग्राफरची नाहीच. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (दिवे तेज असतानाच फोटो टिपणारी सोय) असेल तर चालू करावं, नसेल तर जास्त फोटो काढून निवडावे. म्हणून म्हणतो, जपून बोला.

मांडवीकाठ
दिव्यांचं शंभर टक्के बरोबर. पण 'एक्सपोजर चुकलं' असं कोणी त्याला खाजगीत सांगितलं असतं, तर ते खोडून काढायला तिथे तुम्ही नसता.