जर्मनीकडून मिळणाऱ्या नुकसानभरपाईची वाटणी: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पहिल्या महायुद्धानंतरच्या नुकसानभरपाईवर विद्यार्थ्यांसाठी टिपण लिहितेय. ही गोष्ट बहुतेक वेळा ‘विजेते विरुद्ध जर्मनी’ अशीच सांगितली जाते. मला मात्र विजेत्यांचं आपसातलं भांडणच जास्त महत्त्वाचं वाटू लागलंय, आणि तिथेच माझी गाडी अडलीय.

शस्त्रसंधीच्या आधी दोस्त राष्ट्रांनी नागरिकांचं आणि त्यांच्या मालमत्तेचं नुकसान भरून मागितलं होतं. हा निकष काटेकोर लावला तर उद्ध्वस्त गावं आणि खाणी फ्रान्स-बेल्जियमच्या. ब्रिटनकडे दाखवायला मुख्यतः बुडालेली जहाजं. म्हणून सैनिकांची पेन्शनं आणि कुटुंबांचे भत्तेही धरावेत, असा ब्रिटनचा हट्ट. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचा विरोध होता. मार्च १९१९च्या अखेरीस ब्रिटिश बाजूचे दक्षिण आफ्रिकी जनरल स्मट्स यांनी लेखी युक्तिवाद केला, की सेवेतून सुटलेला जखमी सैनिक हा नागरिकच. विल्सन यांनी तो मानला. एका शब्दाच्या अर्थावर केवढं काही फिरलं!

पहिला प्रश्न इथला. वसुली शेवटी जर्मनीच्या ऐपतीइतकीच होणार असेल, तर पेन्शनांमुळे जर्मनीचा बोजा वाढला, की फक्त वाटे बदलले? जुलै १९२०मध्ये बेल्जियममधल्या स्पा गावच्या परिषदेत ठरलेले वसुलीतल्या वाट्याचे टक्के मी वहीत मांडले: फ्रान्स ५२, ब्रिटिश साम्राज्य २२, इटली १०, बेल्जियम ८, जपान आणि पोर्तुगाल पाऊण-पाऊण. बेरीज साडेत्र्याण्णव. उरलेल्या साडेसहा टक्क्यांत रुमानिया, ग्रीस आणि सर्बियाचं नवं राज्यसुद्धा. सर्बियाने लोकसंख्येच्या मानाने किती माणसं गमावली हे आठवलं, की तो आकडा बघवत नाही. पेन्शनं धरली नसती तर ब्रिटनचे २२ टक्के कितीवर आले असते, याचा कुणी हिशेब केलाय का?

दुसरं म्हणजे मे १९२१मध्ये जर्मनीवर ठरवलेली एकूण रक्कम, १३२ अब्ज सुवर्ण मार्क (सोन्याच्या मोलाचं जर्मन चलन). ती रोख्यांच्या (कर्जपत्रांच्या) तीन गटांत विभागली होती: ‘अ’ रोखे १२ अब्जांचे, ‘ब’ ३८ आणि ‘क’ तब्बल ८२ अब्जांचे. ‘क’ रोखे जर्मनीची ऐपत वाढल्यावरच काढायचे होते. म्हणजे खरी मागणी ५० अब्जांचीच होती आणि मोठा आकडा फ्रान्स-ब्रिटनमधल्या मतदारांसाठी होता, असं मुलांना सांगितलं तर ते बरोबर ठरेल का? की दोस्त राष्ट्रांनी अमेरिकेकडून घेतलेलं कर्ज फेडण्याच्या वाटाघाटीत ‘क’ रोखे पुढे करण्याचाही विचार होता?

‘क’ रोख्यांचा परिच्छेद मी अर्धवट सोडलाय. जाणकारांनी कृपया सांगावं.