मदत हवी आहे: उन्हाळ्यात डोंगरी तळ्यातला ट्राउट दुपारी किती खोल शोधायचा?

कडेकपारी

डोंगरातलं स्वच्छ पाण्याचं तळं, रेनबो आणि ब्राउन या दोन्ही जातींचे ट्राउट आहेत. बहुतेक ठिकाणी काठापासून वीस मीटरपर्यंत पाणी उथळ, मग तळ झपकन खाली जातो. मधली खोली सुमारे १५ मीटर. एका बाजूने वितळत्या बर्फाचा ओढा येऊन मिळतो. होडी नाही, काठावरूनच गळ टाकायचा आहे. उजाडताना मासे वर येऊन खातात, ऊन चढलं की सगळं सामसूम. दुपारी काठालगत वरचं पाणी १९ अंश.

साधनं: साडेसहा फुटी अल्ट्रालाइट स्पिनिंग रॉड, ६ पाउंडी मोनो लाईन (एकसंध नायलॉनची दोरी), ५ ग्रॅमचे स्पून (चमच्यासारखं पत्र्याचं आमिष), २ नंबरचे स्पिनर (ओढताना पातं फिरणारं आमिष).

दुपारी नेमकं किती खोल जायचं? वारा सुटला की कुठला काठ धरायचा? याबद्दल दोन अगदी उलट सल्ले ऐकायला मिळतात: कुणी म्हणतं वारा जातो तो काठ, कुणी म्हणतं वारा येतो तो. आणि स्पिनर लावला की लाईनला पीळ पडतो, त्यावर काय करता?

गारपाणी

आधी तापमानाचं बघा, बाकी सगळं त्यावर ठरतं. ट्राउट साधारण १० ते १६ अंशांच्या पाण्यात नीट खातो. २०च्या पुढे त्याला जड जातं. शिवाय उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३,००० मीटरवर जेमतेम सव्वासहा. म्हणजे तुमचे १९ अंश खालच्या प्रदेशातल्या १९पेक्षा माशाला जास्त जाचतात.

उन्हाने तापलेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं. त्याखाली एक पट्टा असतो, तिथे मीटरमागे एक अंश किंवा त्याहून जास्त घट होते. दुपारचा मासा बहुधा त्या पट्ट्याच्या आसपास सापडतो. तो पट्टा मोजून काढा:

काचेची २०० मिलिलिटरची बाटली घ्या. तळाशी ४०० ग्रॅम शिसं बांधा, तोंडाला बूच सैलसर लावा आणि बुचाला वेगळी दोरी बांधा. बाटलीच्या दोरीवर दर मीटरला गाठ मारा. जिथे कातळ सरळ पाण्यात उतरतो तिथून बाटली २ मीटरवर सोडा, बुचाला हिसका द्या, बुडबुडे थांबले की भरभर वर ओढा आणि लगेच थर्मामीटर आत घाला. मग ४, ६, ८ मीटर. नुसता थर्मामीटर सोडला तर वर येताना तो गरम पाण्यातून जातो आणि आकडा चुकतो. जिथे १२ ते १५ अंश लागतील ती तुमची खोली.

आता स्पून तिथवर न्यायचा. त्याच कातळावरून ४ मीटर जायला तो किती सेकंद घेतो ते मोजा. आठ लागले तर ७ मीटरसाठी चौदा मोजायचे. प्रत्येक स्पूनचा वेग वेगळा मोजा. रुंद, पातळ पत्र्याचा फार सावकाश उतरतो. ओढताना स्पून वर चढतो, इथेच बहुतेकांची खोली सुटते. हळू गुंडाळा, पाच-सहा फेऱ्यांनी थांबा, दोन-तीन सेकंद पडू द्या. मासा बऱ्याचदा पडतानाच धरतो आणि हाताला काही कळत नाही. नजर लाईनवर हवी: ती वेळेआधी ढिली पडली किंवा बाजूला सरकली की लगेच झटका.

ओढ्याच्या मुखात नुसतं टाकत बसू नका. ते पाणी गार म्हणून जड. तळ्यात शिरलं की थोड्या अंतरावर खाली बुडी मारतं. ते बुडी मारतं तिथे फेस, काड्या, पानं यांची एक रेघ साचलेली दिसते. स्पून त्या रेघेच्या पलीकडे टाकून उतरू द्या.

पाणकाठी

वाऱ्याचे दोन्ही सल्ले बरोबर आहेत, फरक वाऱ्याच्या मुदतीचा आहे. दोन-तीन तासांचा वारा पाण्यावर पडलेल्या मुंग्या आणि भुंगेरे समोरच्या काठाला नेऊन लावतो. तेव्हा वारा जिकडे जातो तो काठ. जोराचा वारा दिवसभर वाहिला तर तापलेला थरच तिकडे ढकलला जातो आणि वारा येतो त्या काठाला गार पाणी वर सरकतं. मग पट्टा काठावरून गाठता येईल इतका वर असतो. दोन्हीकडे थर्मामीटर बुडवा आणि ठरवा.

वारा जिकडे जातो त्या काठासाठी पारदर्शक बबल फ्लोट (पाणी भरता येणारा पोकळ तरंगा) अर्धा पाण्याने भरा, मागे दीड-दोन मीटर ०.१५ मिलिमीटरचा लीडर (टोकाची बारीक दोरी), त्यावर १४ किंवा १६ नंबरच्या गळाची नकली मुंगी. पाणवनस्पती असतील तर १० नंबरची शेवाळी रंगाची, टाचणीच्या (चतुरासारख्या बारीक कीटकाच्या) पिल्लासारखी नकली माशी लावा आणि अगदी संथ ओढा.

पिळाचं मुख्य कारण बऱ्याचदा रीलच्या हाताळणीत असतं. ड्रॅग (रीलचा ब्रेक, जोराची ओढ आली की लाईन सुटू देणारा) सरकत असताना हँडल फिरवलं की दर फेरीला पीळ चढतो. मासा ओढतोय तोवर हात थांबवा. स्पिनरच्या ५० सेंटिमीटर वर छोटा स्विव्हल (गरगर फिरणारा सांधा) बांधा. लाईन ४ पाउंडी करा, लांब जाईल आणि लवकर बुडेल. ड्रॅग साधारण ४५० ग्रॅमवर.

कडेकपारी

बाटली आजच तयार करतो. आणखी एक: ७-८ मीटरवरून आणलेला मासा सोडला तर जगतो का? हवेच्या पिशवीचं काय?

गारपाणी

ट्राउटची पिशवी घशाला जोडलेली असते, जादा हवा तो तोंडावाटे सोडतो. पिशवी टोचण्याच्या भानगडीत पडू नका. खरा धोका वरच्या गरम थराचा. दमवत बसू नका, लवकर आणा. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून सपाट करा, जाळी रबराची, हात ओले, मासा होता होईतो पाण्यातच. बाहेर काढावा लागला तर दहा सेकंदांच्या आत परत. गळ गिळला असेल तर उपटू नका, लाईन तोंडाजवळ कापा. सोडताना मागेपुढे हलवू नका, कल्ल्यांतून पाणी उलटं जातं. नुसता सरळ धरा, तो आपणहून निघेल. वरचं पाणी २० अंशांवर गेलं की सोडण्यासाठी मासे धरणं त्या दिवसापुरतं थांबवा.