मदत हवी आहे: पार्टीसाठी घरगुती डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारं साधन), खोलीत चालतो पण अंगणात नाही

मंडळी,

येत्या शनिवारी मित्राकडे पार्टी आहे. माझ्याकडे कॅमेरा आहे, एवढ्याच पात्रतेवर फोटोंचं काम माझ्या गळ्यात पडलंय. फ्लॅश वेगळा आहे, वर आणि बाजूला मान वळणारा, टीटीएलवाला (लेन्समधून आलेला उजेड मोजून ताकद आपोआप ठरवणारा), गाइड नंबर म्हणजे ताकदीचा आकडा ३६ (मीटरमध्ये, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता १०० असताना). सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) विकत घ्यायचा नाहीये, घरातल्या वस्तूंतूनच काहीतरी जमवायचंय.

मागच्या पार्टीत फ्लॅश सरळ तोंडावर मारला होता. कपाळं चकाकली, प्रत्येकाच्या मागे भिंतीवर काळीकुट्ट सावली आली आणि बाकी खोली गुडूप अंधारात गेली. म्हणून या वेळी बहिणीला भिंतीपुढे उभं करून आधीच तालीम केली (आता ती हाकेला ओ देत नाही).

आधी टिश्यू पेपर दुहेरी करून फ्लॅशच्या तोंडावर बांधला. सावलीची कड तशीच धारदार. फरक एवढाच, की पुढच्या फोटोसाठी फ्लॅश तयार व्हायला जास्त वेळ लागायला लागला.

मग दुधी प्लास्टिकचा छोटा डबा उपडा घातला. खोलीत झकास! त्याच जोशात अंगणात गेलो, तर चेहरे पुन्हा पहिल्यासारखेच. डबा तोच, फ्लॅश तोच, मग असं का? पार्टी अर्धी आत आणि अर्धी बाहेर आहे. शिवाय डबा वितळणार तर नाही ना? आणि मागचा अंधार कसा घालवायचा?

प्रतिसाद:
खोलीत डब्याने काही केलं नाही, केलं ते भिंतींनी आणि छताने. डबा प्रकाश चहूकडे उधळतो, पांढऱ्या भिंती तो परत पाठवतात, म्हणून चेहऱ्यावर सगळीकडून उजेड येतो. अंगणात परत पाठवायला कोणी नाही. उधळला तो गेला.

सावली मऊ करायची तर चेहऱ्याला दिसणारा प्रकाशाचा तुकडा मोठा हवा. तुमचा टिश्यू फ्लॅशच्या तोंडाएवढाच, म्हणून कड हलली नाही. बाहेरसाठी पांढरी फोम शीट घ्या, साधारण २० बाय २५ सेंमी. फ्लॅशची मान वर करा, शीट मागच्या बाजूने रबर बँडने बांधा आणि वरची कड जराशी पुढे झुकवा. माणसापासून दीड मीटरवर राहा. तीन मीटरवर गेलात की तीच शीट निम्मी दिसते आणि उजेड चौथाई होतो.

ताकदीचा हिशोब सोपा आहे. थेट मारला तर गाइड नंबर भागिले लेन्सच्या छिद्राचा आकडा, एफ ४ला ३६ भागिले ४, म्हणजे ९ मीटरपर्यंत. शीटमुळे दोन स्टॉप गेले (म्हणजे उजेड चौथाई झाला) असं धरा, उरले साडेचार. आयएसओ ४०० केला की पुन्हा ९.

आत छत पांढरं आणि फार उंच नसेल, तर डबासुद्धा नको. मान छताकडे करून बाउन्स करा, म्हणजे उजेड छतावरून परत येऊ द्या. छत रंगीत असेल तर मात्र चेहरेही त्याच रंगाचे येतील.

प्रतिसाद:
डब्याचं म्हणाल तर तो फ्लॅशच्या काचेला चिकटू देऊ नका, बोटभर अंतर ठेवा. पूर्ण ताकदीने लागोपाठ फोटो मारले की तोंड चांगलंच तापतं.

मागच्या अंधाराचा आणि डिफ्यूझरचा संबंध नाही. शटर १/३० किंवा १/६० सेकंद उघडं ठेवा, आयएसओ ८००च्या पुढे न्या, म्हणजे खोलीतला उजेडही फोटोत येईल. फ्लॅशचा लखलखाट क्षणार्धाचा असल्याने चेहरे बऱ्यापैकी स्थिर राहतात. दिवे पिवळे असतील तर फ्लॅशवर नारिंगी पारदर्शक कागद लावा आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवणारी सेटिंग) टंगस्टनवर, म्हणजे पिवळ्या बल्बच्या खुणेवर ठेवा, नाहीतर माणसं निळसर आणि भिंत केशरी.

धागाकर्ता:
शीट बांधून पाहिली. बहीण पुन्हा उभी राहिली, फुकट नाही. अंगणात सावली खरंच मऊ आली! पण उभा फोटो घ्यायला कॅमेरा वळवला की शीट बाजूला जाते आणि सावली एका कानामागे पडते.

प्रतिसाद:
वर केलेली मान आधी सरळ करा, मग ती ९० अंश बाजूला वळवा, म्हणजे कॅमेरा उभा धरल्यावर तोंड आकाशाकडे येईल. शीट मात्र सोडवून फ्लॅशच्या अरुंद बाजूवर बांधावी लागते. दोन रबर बँड जवळ ठेवा, एक तुटतोच.