रोज फोन असतो म्हणजे आधार असतो का?
वरती दादांनी लिहिलंय की परदेशात गेलेली पोरं खचतात कारण नाजूक झालीत, घरी रोज व्हिडिओ कॉल केला की झालं. पटलं नाही बघा. माझा चुलतभाऊ परभणीहून कॅनडाला गेला, रोज कॉल करायचा, पण "मस्त चाललंय" एवढंच, कारण त्याच्या कर्जापायी इकडं शेत गहाण, मग बापाला काय सांगणार की झोप लागंना म्हणून? म्हणजे घरचा फोन हाच ताण झाला ना.

आणि नाजूक म्हणाल तर उलटंय. कॅनडाला जाताना मेडिकल होते, धडधाकट लोकच जातात, नवीन गेलेल्यांची तब्येत सरासरीनं तिथल्यांपेक्षा बरी असते अन् वर्षं जातील तशी घसरते, यावर तिकडं भरपूर अभ्यास झालाय. डिग्री असून गोदामात काम, व्हिसाची टांगती तलवार, वरून बर्फ, काय होणार दुसरं!

आमच्याकडं बीडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास निघतात तेव्हा टोळीच सोबत असते, हाल कुत्रं खात नाही पण रात्री कोपीवर (म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीवर) कुणीतरी विचारतं जेवलास का. भावाला असं विचारणारं भेटलं दोन वर्षांनी, तिथल्या ढोलताशा पथकात (वाजवता काही येत नव्हतं त्याला, नुसतं सामान उचलायचा). तेव्हा कुठं झोपायला लागला.

अन् कुणाचं पोरगं तिकडं फारच खचलं असंल तर कॅनडात 988 या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला फोन किंवा मेसेज करता येतो, चोवीस तास. इकडं घरच्यांसाठी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, मराठीत बोलतात.